डक्टमधलं आणि जिन्यातलं

सोसायटीच्या नोटिसा लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या व्यवसायामुळे. मी मुद्रितशोधक आहे. सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशनात दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासते. आमच्या सेक्रेटरी काकांना हे कुठून तरी कळलं आणि ‘तुम्ही शुद्ध लिहिता ना, मग एवढं जरा बघून द्या’ म्हणत त्यांनी एक कागद हातात ठेवला. पुढे बघून द्यायचं सुटलं आणि लिहूनच द्यायचं सुरू झालं. यात गंमत अशी, की मी सोसायटीची सभासद नाही. भाडेकरू आहे, तीही चौघींतली एक. ‘सर्व सभासदांस कळवण्यात येते’ हे मी स्वतःच्या हाताने लिहिते, तेव्हा ते मला कळवलेलं नसतं.

या नोटिसांवरूनच पुढे आमच्या फ्लॅटबद्दल आणि शेजाऱ्यांबद्दल लिहायचा नाद लागला. आमच्या इमारतीत गणपतीला अजूनही हस्तलिखित निघतं. तळमजल्यावरचे निवृत्त चित्रकला शिक्षक कार्डशीटवर चौकटी आखून देतात, पोरं चित्रं काढतात, कुणी पाककृती देतं, कुणी चारधामचं प्रवासवर्णन. त्यात ‘302 मधून’ असं एक सदर माझ्याकडे आलं. छापील पुस्तकांत आयुष्य चाललेलं असताना मला हे लेखन अवघड का जावं, याचा मी बराच विचार केला. कारण सोपं होतं. छापील पुस्तकाचा वाचक कुठे राहतो ते माहीत नसतं. इथे तो वरच्या मजल्यावर राहतो आणि सकाळी लिफ्टमध्ये भेटतो.

आधी आमच्या बिऱ्हाडाबद्दल सांगते. कर्वेनगरात बायकामुलींनी घरापासून लांब, एकत्र राहणं ही काही आजची गोष्ट नाही. हे मूळचं हिंगणे. महर्षी कर्व्यांनी 1900 साली इथल्या माळावर विधवांच्या आश्रमासाठी झोपडी उभी केली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते पुण्याहून पायी इथे यायचे. आज त्याच परिसरात मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शाळा आहेत, वसतिगृहं आहेत, आणि भोवतीच्या गल्ल्यांत दर दुसऱ्या इमारतीत आमच्यासारखा एखादा फ्लॅट. तरीही जागा बघायला गेलं की एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘फॅमिली का बॅचलर?’ मुलगी असाल तर पुढचं वाक्य जरा मवाळ येतं: ‘मुली चालतात, मुलं नको म्हणतात सोसायटीवाले.’ चालतात हा शब्द मी तेव्हा ऐकून घेतला. घर हवं असणारा माणूस पुष्कळ शब्द ऐकून घेतो.

करार अकरा महिन्यांचा. या अकराचं मला फार कुतूहल होतं म्हणून विचारून घेतलं. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला एक महिना कमी करायची पद्धत पडली. पुढे महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याने कलम 55 मध्ये सांगून टाकलं, की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे पळवाट बुजली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण अकरा महिने तसेच राहिले. आता तो करार करायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. आमच्यातल्या वणीच्या मुलीचा अंगठा त्या यंत्राला काही केल्या पटेना. हात धुऊन झाले, पुसून झाले, शेवटी तिने अंगठा केसांतून फिरवला तेव्हा काम झालं. केसांच्या तेलाने सरकारी यंत्र मानतं हे तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे.

तर वणीची, सांगलीची, लांज्याची आणि मी अंबाजोगाईची. आमच्यात नावांपेक्षा गावंच जास्त चालतात. सांगलीची बँकेत, वणीची हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासते, लांज्याची फिजिओथेरपिस्ट. फडताळात चार मसाल्यांचे चार डबे: कांदा-लसूण, घरचा लाल, मालवणी धाटणीचा खोबरं घातलेला आणि माझा येसर. स्वयंपाकाच्या मावशींनी सुरुवातीलाच बजावलं, ‘भाजी एकच होणार. मसाला वाराप्रमाणं.’ वार ठरले. शुक्रवारी येसराची आमटी असते आणि त्या दिवशी लांज्याची ताटात कोकमाची दोन आमसुलं आपलीआपली टाकून घेते. तिच्या मते आमटीला आंबटपणा नसणं हा संस्काराचा प्रश्न आहे.

खर्चाची वही फ्रिजला सुतळीने बांधलेली आहे. सांगलीच्या मुलीने सुरुवातीला मोबाइलमधलं अॅप आणलं होतं. कुणाचं किती देणं ते पैशापर्यंत सांगायचं. हिशेबात ते कधी चुकलं नाही, पण आम्ही वहीवर परत आलो. वहीत आकड्याच्या उजवीकडे जागा असते, आणि तिथे माणसं लिहितात. ‘कोथिंबीर 20. महाग वाटली, तरी आणली.’ ‘दूध नासलं. त्या दिवशी फ्रिज कुणी बंद केला ते विचारत नाही.’ ‘गॅसचं बिल भरलं, माझा हिस्सा पुढच्या महिन्यात, पगार अडकलाय.’ शेवटची नोंद कुणाची ते सांगत नाही. पण ही गोष्ट ती चौघींसमोर तोंडाने कधीच बोलली नसती. वहीत लिहिली, आम्ही वाचली, कुणी काही म्हटलं नाही आणि हिस्सा पुढच्या महिन्यात आला.

लोक विचारतात, तुम्ही मैत्रिणी आहात का? मला वाटतं, नाही. आम्ही एकमेकींचे पगार विचारत नाही, एकमेकींच्या घरच्या लग्नांना जात नाही. पण सांगलीच्या मुलीचं कोणत्या वासाने डोकं दुखतं, लांज्याचीला पंखा कितीवर लागतो, वणीची रडायची असेल तेव्हा आधी कपडे धुवायला काढते, हे मला माहीत आहे. जिवलग मैत्रिणींबद्दलही मला एवढी माहिती नाही. एकत्र राहायला माया लागते असं आपल्याकडे फार मानतात. माझा अनुभव असा, की आधी नळ कोण बंद करणार हे ठरावं लागतं. माया झाली तर नंतर होते, आणि न झाली तरी घर चालतं.

आता नोटिसा. हे लेखन बाहेरून कंटाळवाणं दिसतं. पाण्याचीच घ्या. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं. पावसाळ्यात ती भरली की वर्तमानपत्रात फोटो येतात. पण फळ्यावर ‘गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ हे वाक्य यायचं तेव्हा येतंच. सेक्रेटरी काका त्यापुढे ‘कृपया पाणी जपून वापरावे’ घालायचे. मी ते काढलं. ‘कृपया जपून’ याचा अर्थ प्रत्येक जण ‘शेजाऱ्याने जपून’ असा घेतो. त्याऐवजी ‘वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी 9 ते संध्याकाळी 5 बंद राहील’ असं लिहिलं. तक्रारी आल्या, पण टाकीत पाणी राहिलं.

वार्षिक सभेच्या नोटिशीत एक वाक्य माझं फार लाडकं आहे. ही सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, पूर्ण चौदा दिवस आधी कळवावी लागते, आणि खाली छापल्यासारखं एक कलम असतं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे दिलेल्या वेळेला फक्त सेक्रेटरी काका आणि खुर्च्या असतात. बाकीचे बरोबर अर्ध्या तासाने उतरतात. मी सभेला बसत नाही, बसता येत नाही. नंतर काकांच्या टिपणांवरून इतिवृत्त साफ करते. त्यातली भाषा मला आता कळायला लागली आहे. ‘साधकबाधक चर्चा झाली’ म्हणजे पार्किंगवरून आरडाओरडा झाला. ‘सूचनेची नोंद घेण्यात आली’ म्हणजे त्या सूचनेचं पुढे काही होणार नाही.

एका इतिवृत्तात आम्हीच होतो. भाडेकरू मुली पाणी जास्त वापरतात, तेव्हा मालकांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वाढवून घ्यावेत, असा मुद्दा एका सभासदांनी मांडला होता. काकांनी उत्तर दिलं होतं की सरकारच्या 2001 च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर नेता येत नाही. मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी, एकापाठोपाठ एक लिहिली. ‘भाडेकरू मुली’मधला ‘मुली’ शब्द गाळावा का, असं काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, बोलले असतील तर राहू द्या. मुद्रितशोधकाला शुद्धलेखन सुधारता येतं. मनं सुधारायचं काम आमच्याकडे नसतं.

पण नोटिशीसाठी मी एकदाच भांडले, ती कचऱ्याची. आमचा कचरा ‘स्वच्छ’च्या ताई नेतात, ही पुण्यातल्या कचरावेचकांचीच सहकारी संस्था, दारोदार ओला-सुका गोळा करते. ताई एकदा आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘तुमच्या घराचं नाही म्हणत, पण पॅड तसेच टाकतात बाई, आम्ही हातानं वेगळं करतो.’ त्यांच्या संस्थेने यावर एक साधा उपाय काढला आहे: पॅड आणि डायपर कागदात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडकं उघडावं लागत नाही. गुंडाळून वेगळं देणं 2016 च्या घनकचरा नियमांतही होतं. मी काकांना सांगितलं. काका मान हलवत राहिले आणि म्हणाले, ‘ते तुमच्या हिशेबाने लिहा.’ लिहिलं. कमिटीत एकदम शांतता. लॉबीच्या फळ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ‘पॅड’? एकाने ‘विशिष्ट कचरा’ सुचवलं. दुसऱ्याने ‘वैयक्तिक स्वरूपाचा’. मी म्हटलं, विशिष्ट म्हणजे काय हे ज्याला कळायला हवं, त्यालाच कळणार नाही. यावर 202 च्या काकू, ज्या आमच्या मिक्सरवरून आमच्याशी कायम कुरकुरत असतात, त्या कमिटी मेंबर म्हणून म्हणाल्या, ‘टीव्हीवर दिवसभर जाहिरात चालते ती चालते का तुम्हांला?’ नोटीस लागली. काही दिवसांनी फळ्याला दोऱ्याने बांधलेलं लाल स्केचपेन दिसलं. कुणी लावलं, कळलं नाही. ते चोरीला गेलं, पुन्हा आलं.

हस्तलिखिताचं सदर लिहायला बसले तेव्हा ज्याला त्याला ‘बटाट्याची चाळ’ आठवली. पुलंचं ते पुस्तक 1958 चं. आमच्या इमारतीतले अर्धे लोक तेव्हा जन्मले नव्हते, तरी शेजाऱ्यांवर लिहायचं म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, तसंच काहीतरी येणार आणि आपणही त्यात कुठे तरी असणार. पण चाळीला सामाईक गॅलरी होती. माणसं तिथे येऊन भांडायची, म्हणजे भांडण सगळ्यांसमोर, सगळ्यांचं. फ्लॅटला गॅलरी असते ती ज्याची त्याची. सामाईक असतो तो डक्ट. बाथरूमच्या खिडक्या उघडतात तो अंधारा चौकोनी उभा बोगदा. ड्रेनेजचे पाइप, कबुतरं आणि चारही मजल्यांचे आवाज. डक्टमधून मला इमारतीबद्दल जे माहीत झालं आहे ते फळ्यावरून कधीच झालं नसतं. कोणाचा मुलगा पाढे म्हणताना सतराशी अडतो, कोण अंघोळीला जुनी नाट्यगीतं म्हणतं, कोण कुणाला काय म्हणतं. सगळं ताजं, रसाळ, आणि लेखकाला हवं असतं तसं.

ते मी लिहायचं नाही असं ठरवलं. डक्टमधून आलेलं नाही, जिन्यात घडलेलं तेवढंच. जिन्यात माणूस दिसायला तयार होऊन आलेला असतो. डक्टमध्ये त्याला वाटतं की तो एकटा आहे. लिहायला चांगलं ते डक्टमधलंच असतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण तो माल माझा नाही. आणि लिहायचं नाही म्हणजे ऐकायचं नाही असं नव्हे. एका रात्री डक्टमधून जे आलं त्यासाठी उठून जावं लागलं. सांगलीची आणि समोरच्या आजी गेल्या, दार वाजवलं. त्याबद्दल इथेही याहून जास्त लिहीत नाही.

दुसरी अट मी स्वतःच घातली: ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी दाखवायचं. यात लेखकाचं स्वातंत्र्य वगैरे जातं असं प्रकाशनातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं. असेल. पण मला फायदाच झाला, कारण माणसं आपल्यावरचं लिखाण कुठल्याही संपादकापेक्षा बारकाईने वाचतात. 202 च्या काकूंना मिक्सरचा परिच्छेद नेऊन दिला. मी लिहिलं होतं, रात्री अकराला चटणी वाटली म्हणून काकू वर येऊन ओरडल्या. काकूंनी चष्मा लावून वाचलं. ‘अकरा नव्हे, पावणेअकरा. आणि ओरडले नाही मी, बोलले.’ मी म्हटलं, काकू, तिसऱ्या मजल्यावर सगळी दारं उघडली होती. तडजोड अशी झाली: ‘पावणेअकराला काकू मोठ्याने बोलल्या.’ खरं सांगायचं तर मूळ वाक्यापेक्षा हे चांगलं आहे. त्यांनी आणखी एक मागणी केली, की दिवाळीत त्या आम्हांला चकल्या देतात हेही यावं. ते मी घातलं नाही. चकल्या मिक्सरच्या परिच्छेदात बसत नव्हत्या. काकूंनी दोन दिवस बोलणं टाकलं.

वणीच्या मुलीने सरळ नकार दिला. ‘मी नको त्यात.’ कारण विचारलं नाही. सदरात 302 मध्ये तिघीच राहतात. गणपतीत आरतीनंतर लोक शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन हस्तलिखित वाचत होते, आणि ती त्यांच्यात उभी राहून, आपण नसलेलं पान शेवटपर्यंत वाचून, ‘बरं लिहिलंयस’ म्हणाली. चौथी कुठे गेली, असं समोरच्या आजोबांनी मोठ्याने विचारलं. ‘गावी,’ तिनेच सांगितलं.

402 ची खुर्चीही ‘रात्रीची गाडी’ म्हणून सदरात आली होती. रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला ती आमच्या डोक्यावरून खिडकीपासून दारापर्यंत ओढली जाते. तिथल्या साहेबांना मजकूर दाखवला तेव्हा ते खूप हसले, एक अक्षर बदलायला सांगितलं नाही, आणि खुर्ची आजही ओढतात. लिहिल्याने आवाज थांबत नाहीत. फरक एवढाच, की आता ते लिफ्टमध्ये विचारतात, ‘काल आली का गाडी?’ आणि आम्ही ‘पाच मिनिटं लेट’ म्हणतो.

गेल्या वर्षी बऱ्याच साधकबाधक चर्चेनंतर सोसायटीने पहिल्यांदा मुलांना फ्लॅट द्यायला हरकत घेतली नाही. पहिल्या मजल्यावर चार मुलं आली, परभणी-नांदेडकडची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. त्यांना हस्तलिखितात सदर हवं होतं: ‘103 मधून’. मजकूर शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला. पोरं हुशार, भाषा झकास. आणि निम्म्याच्या वर सगळा डक्ट. पहिल्या मजल्यावरचा फोन, दुसऱ्या मजल्यावरची सासू, नाट्यगीतं. मी समासात पेन्सिलने गोल केले आणि प्रत्येक गोलापुढे लिहिलं: ‘हे जिन्यात झालं का?’ दुसऱ्या दिवशी कागद परत आला तेव्हा बराच मजकूर कापलेला होता; राहिला तो गीझरचा, पहाटे तीनच्या अभ्यासाचा, आणि आल्याआल्या कमिटीने त्यांच्याकडून सही करून घेतलेल्या नियमांच्या कागदाचा. एकच गोल त्यांनी खोडला होता. सेक्रेटरी काका पार्किंगवरून त्यांना ओरडले होते तो प्रसंग, संवादासकट. कागद घेऊन आलेला मुलगा दारात उभा राहून म्हणाला, ‘ताई, हे जिन्यातच झालंय. तिसरी पायरी. सगळे होते.’

विचारून घेतलं, झालं होतं. तो परिच्छेद राहिला, आणि काकांना दाखवायला त्या मुलालाच पाठवलं.